बैठक आधी, रेकॉर्डर मग

प्रस्तावना

महाराष्ट्रात आणि गोव्यात पुष्कळसं संगीत घरातच होतं. एकादशीला किंवा गुरुवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये भजनी मंडळ जमतं. गच्चीवरच्या खोलीत कॉलेजातली चार मुलं गिटार, कॅहोन आणि कीबोर्ड घेऊन स्वतःची गाणी बसवतात. नाट्यपदांवर जीव असलेली माणसं रविवारी सकाळी पेटी-तबला काढून बसतात. गोव्यातल्या घरात व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीनं मांडो म्हटला जातो. ही मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर वाजवतात. कोण कुठे थांबतो, कोण कुणाला उचलून धरतो, कुठल्या ओळीला लय हलकेच पुढे सरकते, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. मंडळ मोडलं, माणसं पांगली किंवा गेली, की हे सगळं त्यांच्याबरोबर जातं. पुढच्या पिढीच्या हाती लागतात त्या मोबाइलवर काढलेल्या दोन-चार क्लिपा, आणि त्यांत टाळांच्या खणखणाटापलीकडे फारसं काही ऐकू येत नाही.

हे टाळता येतं, आणि तेही घरच्या घरी. तळहातावर मावणारा, पाव किलोच्या आसपास वजनाचा रेकॉर्डर, एक स्टँड, एक हेडफोन आणि थोडी शिस्त एवढ्यावर लहान वाद्यवृंदाचं अतिशय सच्चं ध्वनिमुद्रण होऊ शकतं. हे पुस्तक त्या कामासाठी आहे. त्यातली बटणांची आणि आकड्यांची माहिती ज्याला त्याला आपापल्या यंत्राप्रमाणे वापरता येईल. पण सगळ्या प्रकरणांच्या तळाशी एकच गोष्ट आहे आणि ती सुरुवातीलाच सांगायला हवी. छोट्या रेकॉर्डरवरचं ध्वनिमुद्रण यंत्रात घडत नाही, ते बैठकीच्या मांडणीत घडतं. कोण कुठे बसला, कुणाचं तोंड कुठे, यंत्र कुणापासून किती अंतरावर, हे ठरलं की निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं. ते चुकलं, तर महागातलं महाग यंत्रही उपयोगी पडत नाही.

ही गोष्ट नवी नाही. भारतातल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणाची सुरुवातच मुळी स्टुडिओबाहेर झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग १९०२च्या अखेरीस कलकत्त्याला आला आणि एका हॉटेलच्या खोल्यांत त्यानं आपलं साहित्य मांडलं. नोव्हेंबरमध्ये तिथं गौहरजान गायल्या. तेव्हा विजेवर चालणारा माइक नव्हता. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. आवाज कमी-जास्त करायला एकही बटण नव्हतं. त्यामुळे तोल साधायचा तो फक्त अंतरानं. नाजूक वाद्य कर्ण्याजवळ, मोठं वाद्य लांब. गाणारा तार सप्तकात चढला की मागे सरकायचा, खाली आला की पुढे. १९२५च्या सुमाराला विद्युत ध्वनिमुद्रण आलं, माइक आले, पुढे अनेक माइक आणि अनेक ट्रॅक आले, आणि अंतराचं हे शहाणपण बाजूला पडलं. प्रत्येक वाद्याला स्वतःचा माइक मिळाल्यावर कोण कुठे बसतो याला महत्त्व उरलं नाही. तोल नंतर मिक्सरवर साधता येऊ लागला. दोन माइकांचा छोटा रेकॉर्डर हातात घेतो तेव्हा आपण पुन्हा गाइसबर्गच्या खोलीत जाऊन बसतो. फरक इतकाच की आपल्या हातातलं यंत्र त्याच्या कर्ण्यापेक्षा कितीतरी पटींनी संवेदनशील आहे.

त्या यंत्राच्या डोक्यावर जे दोन माइक एकमेकांना छेद दिल्यासारखे बसवलेले असतात, त्यांच्यामागचा विचारही जुना आहे. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यानं १९३१ साली स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन माइक एकाच जागी ठेवून त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना वळवायची, म्हणजे डावीकडचा आवाज एकात किंचित जास्त येतो आणि उजवीकडचा दुसऱ्यात, ही कल्पना त्याच्या त्या कामात होती. ऐकताना डोळे मिटले तर पखवाज डावीकडे, पेटी मधोमध आणि टाळकरी उजवीकडे बसलेत, हे कळतं ते या फरकामुळे.

यंत्र घेऊन माणसांच्या दारी जाण्याचा इतिहासही तितकाच मोलाचा आहे. जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अ‍ॅलन १९३३ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकगीतं गोळा करत फिरले. त्यांच्या मोटारीत जवळजवळ ३१५ पौंडांचं, म्हणजे सुमारे १४३ किलोंचं तबकडी कोरणारं यंत्र होतं. आपल्याकडे गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचं जे प्रचंड काम उभं केलं, त्यात महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यात ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय नोंदींची बाजू सांभाळली आणि शंभरहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. त्या बायका कुठल्या स्टुडिओत आल्या नाहीत. यंत्र त्यांच्याकडे गेलं, म्हणून ते आवाज आज आपल्यापाशी आहेत. कागदावर उतरवलेल्या ओवीतून शब्द कळतात. ती म्हणणाऱ्या बाईचा श्वास, चाल आणि दुसऱ्या बाईनं तिला दिलेली साथ केवळ ध्वनिमुद्रणातून कळते.

छोट्या बँडपुरतं बोलायचं तर टोरांटोच्या ‘काउबॉय जंकीज’ या गटाचं उदाहरण अभ्यासावं असं आहे. १९८६ साली त्यांनी पहिला अल्बम आपल्या राहत्या घराच्या गॅरेजमध्ये, सगळ्यांमध्ये मिळून एकच स्टिरिओ माइक ठेवून ध्वनिमुद्रित केला. पुढच्या वर्षी, २७ नोव्हेंबर १९८७ रोजी, तोच प्रयोग त्यांनी टोरांटोमधल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये केला. माइक तोच एक. दोन ट्रॅकच्या डिजिटल टेपवर थेट मुद्रण. नंतर मिक्सिंगचा प्रश्नच नाही. ‘द ट्रिनिटी सेशन’ या अल्बममधली जवळजवळ सगळी गाणी त्या एका दिवसात झाली. गायिका मार्गो टिमिन्स हिचा आवाज मऊ, आणि बाकी वाद्यं तिच्यापेक्षा मोठी. तेव्हा तिचा आवाज एका स्पीकरमधून काढला आणि त्या स्पीकरच्या आवाजाशी इतर वाद्यांची अंतरं जुळवत नेली. वादक पुढे-मागे सरकवायला जो वेळ गेला, तोच त्या अल्बमचा मिक्स. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा १९८२ सालचा अल्बमही घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर झाला. ती गाणी नंतर बँडबरोबर पुन्हा करून पाहिली, पण शेवटी बाजारात आली ती घरचीच टेप. साधं यंत्र म्हणजे दुय्यम दर्जा, हा समज या दोन अल्बमांनी कायमचा खोटा ठरवला आहे.

आता आपल्या घरात येऊ. डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमधल्या बैठकीचं उदाहरण थोडं सविस्तर देतो, कारण त्यात या विषयाचं सगळं मर्म आहे. हॉल साधारण दहा बाय चौदा फुटांचा. बुवा स्वतः पेटी वाजवून गाणारे. उजव्या हाताला पखवाज, भिंतीच्या कोपऱ्यात. समोर अर्धवर्तुळात टाळकरी, त्यांतलेच कोरस देणारे. रेकॉर्डर बुवांसमोरच्या टीपॉयवर ठेवला होता. हेडफोन लावून पहिला अभंग ऐकला तेव्हा टाळ सगळ्यांच्या वर होते, पखवाजाची कणकेची बाजू नुसती घुमत होती, पेटी भरपूर होती आणि बुवांचे शब्द पेटीच्या मागे गेले होते. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. त्याला जे त्या जागेवरून ऐकू येत होतं, तेच त्यानं लिहून ठेवलं होतं.

मग एकेक गोष्ट हलवली. आधी रेकॉर्डर टीपॉयवरून उचलून स्टँडवर लावला. टीपॉयवरून आवाज परावर्तित होऊन माइकात दुसऱ्यांदा येतो, शिवाय कुणाचा गुडघा लागला तरी धक्का नोंदला जातो. स्टँडची उंची बसलेल्या बुवांच्या डोळ्यांच्या थोडी वर घेतली आणि यंत्राचं तोंड किंचित खाली, त्यांच्या ओठांकडे वळवलं. आता पेटी वाटेत नव्हती, खाली होती. पेटीचं वरचं झाकण मिटलं, तेवढ्यानं तिचा कडकपणा उतरला. टाळकऱ्यांना मागे भिंतीपर्यंत सरकवलं आणि टाळ छातीशी न धरता मांडीच्या उंचीवर धरायला सांगितलं. त्यांच्यातले ज्यांचे आवाज चांगले, त्या दोघांच्या हातचे टाळ काढून घेऊन त्यांना बुवांच्या मागे बसवलं. पखवाज कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढला. पुन्हा तोच अभंग म्हटला, तर शब्द पुढे आले, पखवाजाचे बोल सुटे झाले आणि टाळ जिथे असायला हवेत तिथे, म्हणजे सगळ्यांच्या मागे चमकत राहिले. यंत्राच्या एकाही सेटिंगला हात लागला नव्हता.

यामागचं शास्त्र अवघड नाही. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलनं उतरते. तीन फुटांवरचा टाळ सहा फुटांवर गेला की तो स्पष्टपणे मागे जातो. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे हा उतार थोडा कमी होतो, आणि त्यातून दुसरा नियम निघतो: जितकं लांब, तितकी खोली जास्त ऐकू येते. जवळचा आवाज कोरडा आणि स्पष्ट, लांबचा आवाज ओला आणि पसरट. म्हणून शब्द ज्याचे ऐकायचे तो यंत्राच्या सगळ्यात जवळ, हे सूत्र भजनापासून रॉकपर्यंत सगळ्यांना लागू पडतं.

खोलीबद्दल या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते वगळू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपली आजची घरं ध्वनिमुद्रणाला सोयीची नाहीत. खाली टाइल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना गुळगुळीत रंगवलेल्या भिंती. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागोमाग थरथरल्यासारखा धातूचा आवाज आला, तर तो समोरासमोरच्या भिंतींमध्ये धावणारा प्रतिध्वनी आहे, आणि तो प्रत्येक सुराला चिकटणार आहे. त्यावर घरातलेच उपाय पुष्कळ पुरतात. जमिनीवर जाड सतरंजी, तिच्याखाली गादी. एका भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर गाणाऱ्याची पाठ त्या बाजूला. उघड्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या तर टाळीचा कडकपणा लगेच उतरतो. पण गोधडी फक्त वरच्या पट्टीतले, तीक्ष्ण आवाज शोषते. डग्ग्याचा किंवा बेस गिटारचा खोल आवाज तिला दाद देत नाही. बारा फुटांच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा आवाज दोन भिंतींच्या अंतराशी नेमका जुळतो आणि फुगतो. असे फुगवटे कोपऱ्यांत सगळ्यात जास्त साठतात. म्हणून खर्जाची वाद्यं कोपऱ्यातून बाहेर काढायची आणि रेकॉर्डर खोलीच्या अगदी मध्यबिंदूवर ठेवायचा नाही, एवढं पाळावं.

शांतता ही दुसरी सामग्री. पंखा बंद, फ्रिज बंद, इन्व्हर्टर आणि मोबाइलचे चार्जर लांब. हे सगळं चालू असताना कानाला जाणवत नाही, कारण कान सवयीनं ते वगळतो. माइक वगळत नाही. गाणं संपल्यावर शेवटचा सूर विरत जातो, त्या क्षणी पंख्याची घरघर उघडी पडते. आपल्या वस्तीत कुठली वेळ शांत असते हे दोन-तीन दिवस लक्ष देऊन ऐकावं. पुष्कळ ठिकाणी ती दुपारी दोन ते चार ही असते. पावसाळ्यात तबल्याची पुडी सैलावते, तेव्हा हातोडी जवळ ठेवावी आणि दर दोन पदांनंतर सूर तपासावा. पेटीचा सूर ठरलेला असतो. काळी एक म्हटलं की काळी एकच, बाकीच्यांनी तिच्याशी जुळायचं. ध्वनिमुद्रणात किंचित उतरलेला तबला बैठकीपेक्षा जास्त खटकतो, कारण तिथे समोर वादकाचा चेहरा नसतो, फक्त सूर असतो.

यंत्रावरच्या सेटिंगांपैकी तीनच गोष्टी इथे सांगतो, बाकीच्या आत आहेत. पहिली: आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय बंद करा. आपल्या संगीताला ती फार मारक आहे. अभंग संथ सुरू होतो, अंतरे होतात, लय चढते आणि शेवटच्या गजराला सगळे टाळ, पखवाज आणि कोरस एकदम उसळतात. आपोआप चालणारी सोय संथ भागात पातळी वर ओढून खोलीचा गोंगाट मोठा करते आणि गजराला दाबून टाकते, म्हणजे चढ जिथे असायला हवा तिथे सपाटी येते. बऱ्याचशा मोबाइल फोनची अडचणही अशीच आहे. ते बोलण्यासाठी बनवलेले असतात. सतत चालणारा एकसुरी आवाज म्हणजे गोंगाट असं धरून ते तो दाबतात आणि तानपुरा किंवा पेटीचा षड्ज नेमका तसाच आवाज असतो.

दुसरी: चाचणी पहिल्या ओळीवर घेऊ नका, शेवटच्या गजरावर घ्या. सगळ्यांना पूर्ण जोरानं गजर करायला लावा आणि तेव्हाचं सर्वांत मोठं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. वर जागा मोकळी राहू द्या, कारण रंगात आल्यावर माणसं चाचणीपेक्षा नेहमीच मोठ्यानं वाजवतात. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. नव्या काही रेकॉर्डरांत ३२ बिट फ्लोट नावाची सोय आली आहे. तिच्यामुळे पातळीची चूक नंतर बरीचशी निस्तरता येते, पण माइकच गुदमरला असेल तर तिचाही इलाज चालत नाही.

तिसरी: मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह या प्रकारात करा. त्याला मिनिटाला साधारण १७ मेगाबाइट, तासाला एक गिगाबाइटच्या जरा वर जागा लागते. कार्डं आता मोठी मिळतात, तेव्हा जागा वाचवण्यासाठी एमपीथ्रीमध्ये मूळ मुद्रण करण्याचं काहीच कारण उरलेलं नाही. वाटण्यासाठी एमपीथ्री प्रत नंतर काढता येते. एमपीथ्रीतून गेलेलं परत आणता येत नाही. यंत्रावर खर्जाचा आवाज कापणारी एक कळ असते, ती वाऱ्यासाठी आणि बोलण्यासाठी आहे. पखवाज, डग्गा, घुमट किंवा बेस असेल तेव्हा ती बंदच असावी.

ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या बँडसाठी हेच नियम उलट्या टोकापासून लावायचे. त्यांच्यात सगळ्यात मऊ असतो तो माणसाचा आवाज, म्हणून बाकी सगळे त्याच्या मापानं खाली यायला हवेत. ड्रमरनं जाड काठ्यांऐवजी ब्रश किंवा काड्यांची जुडी वापरावी, गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवावेत म्हणजे वादकाला स्वतःचं नीट ऐकू येतं आणि तो आवाज कमी करायला राजी होतो. गाणाऱ्याचा आवाज छोट्या स्पीकरमधून काढून तो स्पीकर रेकॉर्डरच्या जवळ ठेवावा, टोरांटोच्या चर्चमध्ये केला तसा. रेकॉर्डरला बाहेरचे माइक लावण्याची सोय असेल तर एक वेगळा माइक गाणाऱ्याला देता येतो. पण आधी दोन माइकांवरच तोल साधून पाहावा. जो तोल अंतरानं जमत नाही, तो जास्तीच्या माइकनं क्वचितच जमतो.

या पद्धतीत एक गोष्ट सोडून द्यावी लागते: दुरुस्ती. एकाच वेळी, एकाच जोडीच्या माइकवर सगळे नोंदले गेले की तबलजीची एक चुकलेली तिहाई काढून दुसरी बसवता येत नाही. हे मी या पद्धतीचं बळ मानतो. दुरुस्ती शक्य नाही हे माहीत असलं की माणसं एकमेकांकडे बघून वाजवतात. पेटीवाला गाणाऱ्याच्या श्वासाकडे लक्ष देतो, तबलजी सम दाखवताना आवाज सांभाळतो, कोरस स्वतःला आवरतो. प्रत्येकानं आपल्या हातानं आपला आवाज ठेवायचा, हीच संगतीची खरी विद्या आहे आणि साधा रेकॉर्डर ती मुकाट्यानं शिकवतो. ज्या मंडळांनी दर महिन्याला स्वतःचं मुद्रण करून सगळ्यांनी मिळून ते ऐकण्याचा रिवाज ठेवला, त्यांचं गाणं त्या ऐकण्यातून सुधारलेलं मी पाहिलं आहे. कुणी कुणाला बोलावं लागत नाही. आपण मधे मधे फार वाजवतो, हे पेटीवाल्याला स्वतःलाच कळतं.

मुद्रण झाल्यावरचं काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते राहून जातं. गौहरजान आपल्या तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत, कारण तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतल्या हानोव्हरला जात आणि तिथल्या कारागिरांना हे कुणाचं गाणं ते कळणं गरजेचं होतं. सव्वाशे वर्षांनंतरही याहून चांगला उपाय सापडलेला नाही. मुद्रण सुरू होताच एकानं तारीख, गाव, जागा, पद कुणाचं, चाल कुणाची आणि कोण काय वाजवतंय हे स्पष्ट बोलावं. फाइलचं नाव पुसलं जाईल, कागद हरवेल, पण आवाजातच असलेली नोंद त्या गाण्याबरोबर राहील. आपल्या घरोघरी साठच्या आणि सत्तरच्या दशकांतल्या मैफलींच्या स्पूल टेपा पडून आहेत. कित्येकांवर फक्त ‘भीमपलास’ किंवा ‘गणपती उत्सव’ एवढंच लिहिलेलं असतं आणि तबल्यावर कोण होतं हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

कार्ड म्हणजे संग्रह नव्हे. त्याच रात्री मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवावी, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या घरात असावी. संपादन करायचं ते प्रतीवर. मूळ फाइलला हात लावू नये. संपादनही थोडकंच असावं: सुरुवात-शेवट कापणं, पातळी थोडी उचलणं, एवढं पुरे. वरून प्रतिध्वनी चढवण्याचा मोह आवरावा, कारण आपण मुद्दाम जपलेली खोली त्याखाली बुडते.

इंटरनेटवर टाकण्यापूर्वी प्रत्येक वादकाला विचारावं. घरच्या बैठकीत मोकळेपणानं गाणाऱ्याला आपलं गाणं जगापुढे जावं असं वाटतंच असं नाही, आणि तो त्याचा अधिकार आहे. संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत, पण अलीकडच्या संगीतकाराची चाल त्याची असते. भारतीय कायद्यानं रचनेवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. चाल कुणाची हे सांगणं कायद्यासाठी तर हवंच, पण ते त्या माणसाचं देणंही आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमानं आहे: आधी खोली, मग बैठक, मग यंत्र, मग ऐकणं आणि शेवटी जपणूक. यंत्राच्या निवडीचं प्रकरण मुद्दाम मध्ये ठेवलं आहे. झूम, तास्कॅम आणि इतर कंपन्यांची यंत्रं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात; खोली, अंतर आणि कान बदलत नाहीत. ज्यांना स्टुडिओसारखा चकचकीत आवाज हवा आहे, त्यांनी स्टुडिओतच जावं, तिथली माणसं ते काम उत्तम करतात. आपलं मंडळ, आपला बँड, आपल्या खोलीत जसा वाजतो तसाच जपायचा असेल, तर ते काम दुसरं कुणी करणार नाही. कुठलीही कंपनी किंवा आकाशवाणीचं केंद्र तुमच्या हॉलमधल्या गुरुवारच्या भजनापर्यंत पोहोचणार नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुस्तक संपेपर्यंत थांबू नका. खोलीचं आणि बैठकीचं प्रकरण वाचून झालं की रेकॉर्डर मागून आणा, उसना घ्या, पण येत्या बैठकीला तो लावा. आणि सुरुवात आपल्यातल्या सगळ्यात वयस्क गाणाऱ्यापासून करा. ज्या चाली फक्त त्यांनाच येतात, त्या आधी नोंदून घ्या. बाकीच्यांची गाणी पुढच्या महिन्यात झाली तरी चालतील.